टीच्या पायाशी एन

गणितात बारीक आकडे दोन प्रकारचे असतात. एक डोक्यावर बसतो, एक पायाशी. डोक्यावरच्याचं उत्तम चाललेलं असतं. तो घातांक. दोनाच्या डोक्यावर दहा चढले की दोनाचे एक हजार चोवीस होतात. चक्रवाढ व्याज त्याच्याच जिवावर चालतं आणि गृहकर्ज घेतलेला प्रत्येक माणूस त्याला वचकून असतो. पायाशी बसलेला मात्र कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तो गुणत नाही, भागत नाही, वाढवत नाही, घटवत नाही. अक्षराच्या पायाशी अंग चोरून बसतो आणि एवढंच सांगतो, की हा कितवा.

नेमकं हेच कोणाला पचत नाही. आपल्याकडे आकडा म्हणजे भाव, नाहीतर मार्क, नाहीतर रक्तातली साखर. आकड्याने नुसतं बसून राहायचं, हे हल्ली सरकारी खात्यातही चालत नाही.

पुस्तकात त्याला पादांक म्हणतात, वर्गात सबस्क्रिप्ट, आणि घाईत 'ते खालचं'. दहावीच्या अंकगणिती श्रेढीत तो मुलांना पहिल्यांदा गंभीरपणे भेटतो. ५, ११, १७, २३ अशी रांग उभी असते. पाचला टी वन म्हणायचं, अकराला टी टू, सतराला टी थ्री. आणि कोणा एकाचं नाव न घेता सगळ्यांबद्दल एकदम बोलायचं असेल तर टीएन. इथे वर्गाचे तीन भाग होतात. एका भागाच्या डोळ्यांपुढे तमिळनाडूच्या ट्रकची नंबरप्लेट येते. दुसऱ्याला टी वन, टी टू ऐकून मुंबईचा विमानतळ आठवतो. आणि ज्या दिवशी सर फळ्याकडे तोंड करून "आता टी ट्वेंटी काढा" म्हणतात, त्या दिवशी तिसरा भाग बाकं वाजवतो. २००७ साली भारताने पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून महाराष्ट्रात एकाही मास्तरांना विसावं पद शांतपणे काढता आलेलं नाही.

ह्यात मुलांचा फारसा दोष नाही. पायाशी बसणाऱ्या आकड्याने आधीच चार ठिकाणी नोकऱ्या धरलेल्या असतात. पाण्याच्या सूत्रात एचच्या पायाशी दोन बसतो, तो खरोखरचा दोन: हायड्रोजनचे दोन अणू. द्विमान पद्धतीत १०१ च्या पायाशी दोन बसला की वरच्या एकशे एकचे गपकन पाच होतात. लॉगच्या पायाशी दहा बसले की ते त्याचा पाया होतात. एवढं सगळं पाहून मूल श्रेढीपाशी येतं, टीच्या पायाशी दोन बघतं आणि इमानेइतबारे टीचे दोन अणू शोधू लागतं.

खरं तर पादांक म्हणजे काय, हे मराठी मध्यमवर्गाला गणितापेक्षा रक्ततपासणीने जास्त चांगलं शिकवलं आहे. बी ट्वेल्व्ह! घरटी एकाचं तरी कमी असतंच. ह्यातले बारा रीतसर बीच्या पायाशी बसतात. पण बी ट्वेल्व्ह म्हणजे बी वनच्या बारापट ताकदीचं जीवनसत्त्व, असं कोणत्याही आजींना वाटत नाही. बी सिक्सच्या दोन गोळ्या घेऊन बी ट्वेल्व्हचं काम भागवू, असं अत्यंत काटकसरी आजोबाही म्हणत नाहीत. बारा हा त्याचा नंबर आहे, वजन नव्हे, हे सगळ्यांना न शिकवता कळतं. शिवाय ह्या रांगेत मधले काही जण गैरहजर आहेत. बी फोर, बी एट, बी टेन, बी इलेव्हन ही नावं कधीकाळी दिली गेली, पुढे ती मंडळी जीवनसत्त्वं नाहीत असं ठरलं आणि पटावरून त्यांची नावं कमी झाली. उरली आठ. तरी बारावं बारावंच राहिलं. मधले चौघे निघून गेले म्हणून त्याने पुढे सरकायचा प्रयत्न केला नाही. असा संयम रेशनच्या रांगेत औषधालाही सापडणार नाही.

सगळ्यात मोठी मारामारी होते ती 'एन अधिक एक'वरून. सोसायटीतलं दहा नंबरचं घर घ्या. 'अधिक एक' हे दारावरच्या पाटीबद्दल म्हटलं असेल तर आपण शेजारच्या अकरा नंबरात जातो. घरातल्या माणसांबद्दल म्हटलं असेल तर दहा नंबरातच एक माणूस वाढतं. शेजारी जाणं आणि घरात पाळणा हलणं ह्यांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कागदावर मात्र तो अर्ध्या ओळीचा असतो. 'अधिक एक' अर्धी ओळ खाली राहिलं तर शेजार, अर्धी ओळ वर सरकलं तर बारसं.

मुलांच्या वहीत हा प्रवास डोळ्यांदेखत होतो. पहिल्या ओळीत एन नीट पायाशी असतो. तिसऱ्या ओळीत कमरेपर्यंत येतो. पान संपता संपता तो टीच्या खांद्याला खांदा लावून उभा, आणि उलटलेल्या पानावर पाहावं तर टी गुणिले एन होऊन दोघेही कंसाबाहेर पडलेले.

वाचून दाखवायला गेलं तर वेगळीच पंचाईत. पायाशी शून्य असेल तर आपल्याकडचे प्राध्यापक त्याला 'नॉट' म्हणतात. बहुपदीतला ए नॉट, फिजिक्समधला व्ही नॉट. मराठी माध्यमातून अकरावीला आलेली मुलगी पहिल्या बाकावर बसून ऐकते, "ए नॉट इज नॉट इक्वल टू झीरो." तिच्या वहीत दोन्ही नॉट एकमेकांना खाऊन टाकतात आणि खाली फक्त 'ए इज इक्वल टू झीरो' उरतं. दोन नकारांचा एक होकार होतो, हे तिला मराठीच्या बाईंनी आधीच शिकवलेलं असतं.

इतका वैताग असताना हा बारीक आकडा मुळात आणला कोणी, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. आपल्याकडे त्याच्यावाचून बरीच शतकं काम भागत होतं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची हकिगत कोरलेली आहे, ते भास्कराचार्य अज्ञात संख्यांना रंगांची नावं देत. पहिला अज्ञात यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसतं या, का, नी, पी, लो. फार देखणी व्यवस्था. चार-पाच अज्ञातांना आरामात पुरते. लग्नाच्या बस्त्याला बसलेल्या एखाद्या मावशीला हाताशी धरलं तर आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, अबोली, चिंतामणी करत आणखी तीस-चाळीस पदं सहज निघतील. पण श्रेढीला शेवट नसतो, आणि एनव्या साडीचा रंग कोणता, हे मावशीही सांगू शकत नाही. न संपणाऱ्या रांगेला नावं पुरत नाहीत. तिथे नंबरच लावावे लागतात.

युरोपात हे फार लवकर ओळखलं ते लायब्निझने. अक्षरांऐवजी आकडे वापरू, असं तो म्हणत होता आणि त्याचा फ्रेंच मित्र लोपिताल ह्याला ते काही केल्या पटेना. शेवटी १६९३ च्या एप्रिलमध्ये लायब्निझने पत्रात तीन समीकरणं मांडून दाखवली. पहिल्यात सहगुणकांच्या जागी १०, ११, १२. दुसऱ्यात २०, २१, २२. तिसऱ्यात ३०, ३१, ३२. ह्यातले २१ म्हणजे एकवीस नव्हेत. २१ म्हणजे दुसऱ्या समीकरणात पहिल्या अज्ञाताशेजारी जी काही संख्या असेल ती. लायब्निझने अक्षराला घराबाहेर काढून नुसता पत्ता ठेवला होता, आणि तोही पायाशी नाही, भर ओळीत. लोपिताल हा काही साधासुधा माणूस नव्हता. ज्याच्या नावाच्या नियमाने आजची मुलं शून्य भागिले शून्याची गणितं सोडवतात, तोच हा. त्याच्याही गळी हे उतरवायला लायब्निझला पत्रं लिहावी लागली. तेव्हा दहावीच्या मुलांनी फार मनाला लावून घेऊ नये.

पायाशी बसलेला नंबर आणि वरची किंमत ह्यांचा एकमेकांशी किती कमी संबंध असू शकतो, हे पाहायचं तर देवळालीच्या द. रा. कापरेकरांकडे जावं. शाळेत शिकवता शिकवता ह्या गृहस्थांनी ६१७४ ही संख्या जगाला दाखवली. कोणतीही चार आकडी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढे चला: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. म्हणजे के वन ३५२४, के टू ३०८७, के थ्री ८३५२, के फोर ६१७४. आणि त्यानंतर केच्या पायाशी पाच बसो, पन्नास बसोत नाहीतर साडेपाच कोटी बसोत, वर आपले ६१७४. खालचा नंबर दर वर्षी वाढतो आणि वर ढिम्म फरक पडत नाही. सेवाज्येष्ठतेचं इतकं अचूक गणित कापरेकरांनंतर कोणी मांडलेलं नाही.

समजण्याचं हे असं. आता हा आकडा टाइप करायचा आहे. खरी परीक्षा इथून सुरू होते.

पायाशी बसलेला आकडा दुसऱ्याची जागा सांगतो, पण त्याची स्वतःची जागा अर्धी ओळ हलली की तो जे सांगतो त्याला अर्थ उरत नाही. आणि माणसाने लिहायची म्हणून जी यंत्रं केली, ती सगळी सरळ रेषेत चालणारी. खिळे जुळवण्याच्या काळात कंपॉझिटरला हा एवढासा एन बसवायचा तर लहान मापाचा खिळा शोधून, वर शिशाचे पातळ तुकडे भरून त्याला खाली दाबून ठेवावं लागे. कविता छापणं परवडे, कारण तिच्यात निम्मं पान कोरंच असतं, गणित नको. परदेशी छापखान्यांत गणिताच्या मजकुराला 'पेनल्टी कॉपी' म्हणत आणि त्याचे जादा पैसे लावत. गणिताचं पुस्तक लिहिणं हा दंडपात्र गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांचं जुनं मत छापखानेवाल्यांनी दरपत्रकात छापून टाकलं होतं.

टाइपरायटरवर थोडी सोय होती. रोलर हाताने अर्धं घर फिरवायचा, एन मारायचा, रोलर परत आणायचा. प्रबंध टाइप करून देणारे लोक मोकळ्या जागा सोडत आणि सांगत, चिन्हं तुमची तुम्ही पेनने भरा. पीएचडीच्या शेवटच्या आठवड्यात मार्गदर्शक, विद्यार्थी आणि विद्यार्थ्याची नवी नवरी असे तिघे मिळून एन भरत बसल्याचं दृश्य अनेक विद्यापीठांनी पाहिलं असेल.

मग डोनाल्ड क्नुथ नावाचा माणूस चिडला. १९७७ साली त्याच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ती इतकी कुरूप होती, की ग्रंथ बाजूला ठेवून त्याने गणित छापण्याची स्वतःची व्यवस्थाच बनवायला घेतली. तिचं नाव टेक. वर्षभरात हातावेगळं होईल असं वाटलेलं काम दहा वर्षांहून जास्त चाललं. प्रुफं वाईट आली म्हणून प्रेसवाल्याशी भांडणारे लेखक आपण पाहिले आहेत. प्रुफं वाईट आली म्हणून छपाईचं शास्त्रच नव्याने लिहिणारा हा एकच. टेकची आवृत्ती सुधारली की तिचा क्रमांक पायच्या किमतीत एका दशांशस्थळाने पुढे सरकतो: ३.१४ च्या पुढे ३.१४१, त्याच्या पुढे ३.१४१५. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला क्नुथकडून दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश मिळायचा आणि लोक तो बँकेत न भरता भिंतीवर फ्रेम करून लावायचे.

टेकमध्ये टीएन लिहायचा तर टी, मग खालची रेघ, मग एन. ही खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर आपल्याला ईमेलच्या पत्त्यामुळे माहीत झाली. बँकेच्या काउंटरवर "मॅडम, ती खालची डॅश" म्हणतो तीच. पण टेक फार शब्दाला धरून चालतं. दहावं पद म्हणून टी, रेघ, दहा असं लिहिलं तर दहातला एक मुकाट्याने खाली उतरतो आणि शून्य वरच उभं राहतं. रेघेला एकच पाहुणा उतरवून घेणं ठाऊक असतं. बाकीच्यांनाही न्यायचं असेल तर सगळ्यांना महिरपी कंसात बांधून द्यावं लागतं. साध्या वाक्यात चुकून रेघ आली तर टेक कळवतं, की इथे डॉलर राहून गेला होता, तो मी घातला आहे. टेकमध्ये गणिताच्या दोन्ही बाजूंना डॉलरचं चिन्ह लागतं, म्हणून हे. पण आपल्या खिशातून डॉलर घालणारं जगातलं हे एकमेव यंत्र असावं.

पायाच्या पायाशीही कोणी बसू शकतो. उपक्रमिका, म्हणजे रांगेतून वेचून काढलेली रांग, लिहिताना एच्या पायाशी एन आणि एनच्या पायाशी के असा मामला असतो. तेव्हा टेकमध्ये वरचा दहा पॉइंटांत, त्याच्या खालचा सातात आणि सर्वांत खालचा पाचात. त्याच्याही खाली कोणाला उतरवलं तर तो पाचच पॉइंटांत राहतो. माणूस कितीही खालच्या पायरीवर गेला तरी ह्याहून बारीक करायचा नाही, हा नियम क्नुथने तिथे घालून ठेवला. आपल्याकडे तो कॉन्ट्रॅक्टरच्या कॉन्ट्रॅक्टरच्या कॉन्ट्रॅक्टरकडे काम करणाऱ्यांना लागू करता आला तर बरं होईल.

टेक प्राध्यापकांसाठी. बाकीच्यांसाठी वर्ड. वर्डमध्ये कंट्रोल धरून बरोबरचं चिन्ह दाबलं की कर्सर खाली उतरतो. एन लिहिला जातो, काम फत्ते. पण पुन्हा तीच कळ दाबून वर यायचं असतं, हे कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे एनच्या मागोमाग 'म्हणून', 'उत्तर', 'वरील उदाहरणावरून सिद्ध होते की' आणि खालची मुख्याध्यापकांची सही हे सगळंच मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक होऊन तळाशी चालू लागतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. गूगल डॉक्समध्ये ह्याच कामाला कंट्रोल आणि स्वल्पविराम लागतो. म्हणजे एक शिकून दुसरीकडे जावं तर तिथली कळ वेगळी. डीटीपीवाल्याचं निराळंच. इनडिझाइनमध्ये पादांकाचं ठरीव माप मूळ अक्षराच्या ५८.३ टक्के. अठ्ठावन्नही नाही, साठही नाही. एवढ्या नेमक्या टक्क्यांना पूर्वी फक्त इंजिनिअरिंगचे प्रवेश बंद व्हायचे.

कळ-बिळ नको, तयार अक्षरच द्या, म्हणणाऱ्यांसाठी युनिकोड आहे. जगातल्या झाडून सगळ्या लिप्यांना त्यात जागा. पायाशी बसणारे इंग्रजी आकडे त्यात सुरुवातीपासून होते, पण एनला टीच्या पायाशी बसायची परवानगी मिळायला २०१० साल उजाडलं. त्याच खेपेला एच, के, एल, एम, पी, एस आणि टी ह्यांचीही सोय झाली. बी, सी, डीची फाइल पुढे सरकली नाही. इमोजीचा समोसा मिळेल की नाही ह्यावर जगात चर्चा झडतात. पायाशी बसणाऱ्या डीसाठी एकही मोर्चा निघालेला नाही.

देवनागरी आकड्यांना तर पायाशी बसायची सोयच नाही. डोक्यावर बसायची आहे! सामवेदाचे स्वर दाखवायला अक्षरांच्या डोक्यावर आकडे लिहितात, म्हणून ० ते ९ हे सगळे देवनागरी अंक युनिकोडने २००९ साली डोक्यावर बसवून दिले. वेदांची वरची सोय झाली, दहावीची खालची राहिली. त्यामुळेच ह्या लेखात जागोजागी 'टीच्या पायाशी एन' असं अक्षरी लिहावं लागतं आहे. विषय पादांकाचा, आणि अख्ख्या लेखात औषधापुरता एकही पादांक नाही.

खरं तर पायाशी काय चाललंय इकडे लक्ष ठेवण्यात मराठी माणसाचा हात कोणी धरणार नाही. आपली अर्धी लिपी तळमजल्यावर राहते. उकार खाली, ऋकार खाली, पाय मोडला तर तोही खालीच. उकार उजवीकडे वळला की डावीकडे, ह्यावर 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे दोरा, हे पहिलीतल्या पोराला येतं. आलं नाही तर वर्तमानपत्रात पत्रं लिहिणारे लोक आपल्यात आहेत. असा सावध समाज टीच्या पायाशी एन लिहिताना का बावरतो, हे एक कोडंच आहे.

ह्या सगळ्याची एकत्र प्रचीती घ्यायची तर दहावीच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट पाहावा. तिथे कोणालाच स्वतःचं नाव नसतं. सगळ्या आया, सगळे बाबा. कोणती आई, हे मुलाच्या नावावरून. म्हणजे मंडळी स्वतःच पादांकावर चालतात. अशा एका गटावर रविवारी सकाळी गृहपाठ आला: श्रेढी ५, ११, १७, आणि पुढे, एन बरोबर दहा असताना टीएन अधिक एक काढा. बाईंनी तो फोनवरून सरळ एका ओळीत लिहिलेला. अर्धी ओळ खाली उतरायची सोय फोनमध्ये नाहीच.

बँकेतल्या एका आईंनी सकाळी सव्वानऊला उत्तर दिलं: दहावं पद एकोणसाठ, अधिक एक, साठ. दोन मिनिटांत इंजिनिअर असलेल्या एका बाबांनी कळवलं, अधिक एक पायाशी आहे, म्हणून अकरावं पद, पासष्ट. साठवाले आणि पासष्टवाले असे दोन तट पडले. त्यात पुण्याच्या आयटीतल्या एका बाबांनी उडी घेतली. त्यांचं म्हणणं, मोजायला शून्यापासून सुरुवात करायला हवी. डिकस्ट्रा नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली तसं सप्रमाण लिहून ठेवलं आहे. पाच हे शून्यावं पद, म्हणून उत्तर एकाहत्तर. ह्यावर एका आजोबांनी लिहिलं, की आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, तेव्हा पाचला टी लाभ म्हणावं. त्यांना चार नमस्कार आणि एक गुलाब मिळाला.

कोणीतरी समजूतदारपणे एनच्या दोन्ही बाजूंना खालच्या रेघा मारून पाहिल्या. व्हॉट्सअ‍ॅपने दोन्ही रेघा गिळल्या आणि एन तिरका करून परत दिला. मग बाईंनी वैतागून आवाजी निरोप पाठवला: "टी, एन प्लस वन." टीनंतर त्या किंचित थांबल्या होत्या, आणि अर्थ सगळा त्या थांबण्यातच होता. पासष्टवाल्यांना तो ऐकू आला. साठवाल्यांनी निरोप दीडपट वेगाने ऐकला.

शेवटी ज्या मुलांचा गृहपाठ होता त्यांतल्या एकीने आईच्या हातून फोन घेतला. तिने पेन्सिलीने वहीत गणित सोडवलं, अधिक एक पद्धतशीर पायाशी बसवलं, पासष्ट काढले आणि पानाचा फोटो टाकला. लायब्निझपासून युनिकोडपर्यंतच्या लोकांना जे साधायचं होतं, ते तिने दोन रुपयांच्या पेन्सिलीत साधलं. गटावर शांतता झाली. बाईंनी अंगठा दाखवला. तेवढ्यात त्या मुलीला पुढचंही गणित सुटलं: पहिल्या पाच पदांची बेरीज, म्हणजे एसच्या पायाशी पाच, उत्तर पंच्याऐंशी. तिने त्याचाही फोटो टाकला.

आता घाईच्या अक्षरात इंग्रजी एस, पाच आणि आठ हे तिघे सख्खे भाऊ. एसच्या पायाशी बसायचा पाच ह्या वेळी जरा वर चढून बसला होता.

"पंचावन्न बरोबर पंच्याऐंशी?" बँकेतल्या आईंनी विचारलं. "हे कसं काय?"

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग एका सीए बाबांनी लिहिलं, "जीएसटी धरून असेल."